विचारा की वो! : एकटा पोरगा, लांडगे आणि शेंगदाण्याचे लाडू

ह्या महिन्यात पत्रं लई आली, टपालानं थोडी आणि व्हॉट्सॲपवर जास्त, आणि गंमत म्हणजे निम्मी एकाच विषयावरची. सगळ्यांच्या मोबाईलवर एकच व्हिडिओ फिरतोय वाटतं, परदेशातला एक पोरगा बारा वर्षं डोंगरात लांडग्यांबरोबर एकटा राहिला त्याचा. म्हणून ह्या वेळी ऊसदर, सांधेदुखी, सातबारा सगळं पुढच्या अंकात. रागावू नका.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. तो व्हिडिओ बघितल्यापासून म्हणतोय मी दाजीपूरच्या जंगलात जाऊन एकटा राहणार, फक्त आमच्या टॉमीला घेऊन. आधी हसून सोडून दिलं. परवा झाडू मारताना पलंगाखाली पिशवी सापडली, आत काडेपेटी, सुतळी, ह्यांची बॅटरी आणि डब्यात आठ शेंगदाण्याचे लाडू. काय करावं? आणि त्या मुलाची गोष्ट खरी आहे का हो? – एक आई, राजारामपुरी

ताई, पहिलं म्हणजे पिशवी होती तिथं ठेवा. सापडली म्हणून सांगूही नका इतक्यात. काडेपेटी तेवढी काढून घ्या.

आता गोष्ट. माणूस खरा आहे. मार्कोस रॉद्रिगेझ पांतोखा त्याचं नाव, जन्म 1946 चा, स्पेनमधल्या कोर्दोबा भागातल्या एका छोट्या गावचा. आई लहानपणीच गेली, बापानं दुसरा संसार केला, सावत्र आई मारायची, आणि सात वर्षांचा असताना बापानं त्याला चक्क विकलं. एका जमीनदाराला. त्यानं पोराला सिएरा मोरेना नावाच्या डोंगररांगेत एका म्हाताऱ्या शेळक्याच्या हाताखाली ठेवलं. म्हातारा अबोल होता पण त्यानं पोराला विस्तव कसा धरायचा, फास कसा लावायचा, काय खायचं नि काय नाही हे शिकवलं, आणि मग थोड्याच दिवसांत म्हातारा राहिला नाही. पोरगं घरी गेलं नाही, कारण घर म्हणजे मार. तिथनं पुढं जवळजवळ बारा वर्षं एकटं. 1965 साली तिथल्या पोलिसांना सापडलं तेव्हा एकोणीस वर्षांचा गडी, केस लांबच लांब, अंगावर कातडी, बोलणं जवळपास विसरलेला.

लांडग्यांचं तो स्वतः असं सांगायचा की एकदा गुहेत पिल्लांबरोबर खेळता खेळता झोप लागली, जाग आली तर लांडगीण मांस घेऊन समोर उभी. पिल्लांना वाटून देत होती. ह्यानं पिल्लाच्या वाट्याचं ओढायला बघितलं तर गुरगुरली, पंजा मारला, आणि सगळ्यांचं झाल्यावर एक तुकडा ह्याच्याकडं सरकवला. ह्याला वाटलं सापळा असंल, हात लावेना, तिनं नाकानं अजून पुढं ढकलला.

मला विचाराल तर ह्यातलं सगळंच्या सगळं अक्षरशः घ्यायचं नाही. तो असंही सांगायचा की एक साप त्याच्याजवळ राहायचा, त्याला तो शेळीचं दूध पाजायचा आणि साप मागं मागं फिरायचा. आता आपण बत्तीस शिराळ्याच्या शेजारची माणसं, साप दूध पीत नाही हे आपल्याला कुणी सांगायला नको, उपाशी तहानलेला नाग वाटीत तोंड घालतोय ते दुधासाठी नाही. गाब्रिएल हानेर मानिला म्हणून एक मानववंश अभ्यासक 1975-76 च्या दरम्यान मार्कोससोबत बरेच दिवस बोलत बसला होता. त्याचं म्हणणं असं पडलं की पोरगं जगलं ते अंगच्या हुशारीवर आणि सातव्या वर्षापर्यंत शिकलेल्या कामांवर. आणि जनावरांचं प्रेम? ते काही खरं, काही त्यानं मनानं भरून काढलेलं, कारण एवढ्याशा जिवाला कुणीतरी आपलं लागतंच की. खोटं बोलत नव्हता तो. त्याला तसंच दिसत होतं.

तुमच्या पोराला मात्र व्हिडिओत जे दाखवलेलं नसणार ते सांगा, म्हणजे पुढची गोष्ट. पोलिसांनी बांधून आणला त्याला. न्हाव्याकडं नेलं आणि न्हाव्यानं वस्तरा उघडला तर ह्याला वाटलं आता गळाच कापतोय. गादीवर झोप येईना, खाली जमिनीवर झोपायचा. गाड्यांचे आवाज, माणसांची गर्दी, पैसा म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यामुळं कामाला ठेवलं तिथं फसवला गेला. 2010 साली त्याच्यावर सिनेमाही निघाला, नाव झालं. पण म्हातारपणी पत्रकारांना काय सांगितलं माहितीये? परत डोंगरात जायचा प्रयत्न केला, लांडग्यांना हाळी दिली तर ते लांबनं ओ देतात पण जवळ येत नाहीत. माझ्या अंगाला आता माणसांचा वास येतोय म्हणाला, अत्तर लावतो मी.

हे वाचून मी त्या रात्री जेवलो नाही नीट.

आता तुमचं. ह्या गोष्टीत पोरगं हौसेनं डोंगरात गेलेलं नाही, माणसांनी ढकललंय त्याला. म्हणून तुम्ही पोराला "जंगलात काय असतंय" हे विचारू नका, ते त्याला आपल्यापेक्षा जास्त माहिती असणार. रात्री जेवून शतपावलीला घेऊन जावा टॉमीसकट, आणि सहज विचारा की बरोबर टॉमीच का, वर्गातला कोण का नको? एवढंच. मग गप्प बसा, तो बोलेपर्यंत. कदाचित काहीच नसंल, अकराव्या वर्षी सगळ्यांनाच पळून जावंसं वाटतंय, मीही पळालो होतो (ते खाली सांगतो). पण शाळेच्या रिक्षात, क्लासमध्ये, मैदानावर कुणी त्रास देत असंल तर ते असंच आडवळणानं बाहेर येतंय.

आणि दाजीपूर टाळू नका. दाखवा त्याला. आपलं राधानगरी अभयारण्य, 1958 सालचं, महाराष्ट्रातलं पहिलं. आधी संस्थानचं शिकारीचं राखीव रान होतं, आता गव्यांचं घर आहे, साडेतीनशे चौरस किलोमीटर. कोल्हापुरातनं ऐंशी किलोमीटरभर. पावसाळ्यात बंद असतंय, दिवाळी झाली की जावा, वनखात्याची परवानगी काढून, गाईड घेऊन. आणि तिथं उभं करून एकच हिशेब घालायला लावा : इथं मी एकटा असतो तर आज काय खाल्लं असतं? करवंदं, जांभळं, तोरणं, आळू ही सगळी उन्हाळ्याची मजा, चैत्र-वैशाखात पोट भरंल. आषाढात? आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, काडी ओली, लाकूड ओलं, पायाला जळवा, आणि खायला पाला. आठ लाडू दोन दिवस जातील. तेही टॉमीला दिले नाहीत तर.

प्रश्न : व्हिडिओचं एवढं काय कौतुक? आमच्या लहानपणी धनगराची आठ-दहा वर्षांची पोरं दोनशे मेंढरं घेऊन माळावर एकटी राहायची, त्यांचा कुणी सिनेमा काढला नाही. – एक निवृत्त मास्तर, कागल

गुरुजी, लाख बोललात. फक्त "एकटी" हा शब्द तेवढा मी खोडणार.

धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरता तळ, बघितलाय तुम्ही, मीही बघितलाय. पावसाळ्यात मेंढराच्या पायाला ओल नको म्हणून कोरड्या मुलखाकडं जायचं, दिवाळीनंतर माघारी, मग कुणाच्या तरी शेतात बकरी बसवायची, शेतकऱ्याला खत आणि ह्यांना धान्य नाहीतर पैसे. घोड्याच्या पाठीवर अख्खा संसार, त्या संसाराच्या वर कोंबड्या, आणि कोंबड्यांच्याही वर कधीकधी एखादं चालता न येणारं कोकरू नाहीतर चालता न येणारं पोरगं. मागं एका मार्चमध्ये हुपरीच्या पुढं एका रानात संध्याकाळी वाघर (मेंढरांभोवतीचं जाळं) लावताना बघत उभा होतो, साताठ वर्षांची पोर होती, जाळ्याच्या मेखा ठोकत होती आणि तोंडानं एक बारीक आवाज काढत होती, च्यक् आणि हुर्र च्या मधला. त्या आवाजाला दीडशे मेंढरांतली नेमकी दोन आत वळली. मी म्हटलं ही दोनच का वळली? पोर माझ्याकडं बघून म्हणाली, "त्यांस्नीच बोलावलं की." आपण गप्प.

लांडग्याचंही त्यांचं वेगळंच. नुकसान होतंय, रात्र रात्र जागतात, कुत्री वाघरीच्या बाहेर झोपवतात. तरीपण म्हातारे धनगर म्हणणार की एखादं कोकरू नेलं तर त्याचा वाटा त्यानं नेला. माळावरचा लांडगा आजपर्यंत टिकला त्यात ह्या सोसण्याचाही वाटा आहे असं माझं मत. पण ही पोरं एकटी नसतात गुरुजी, सांजेला भाकरी थापणारं कुणीतरी वाड्यावर असतंय आणि कुठल्या पाल्यानं पोट फुगतंय हे सांगायला आजा असतोय.

त्यावरनं आठवलं. 2023 च्या मे महिन्यात कोलंबिया देशात ॲमेझॉनच्या जंगलात एक छोटं विमान पडलं. मोठी माणसं गेली, चार भावंडं वाचली, थोरली तेरा वर्षांची आणि धाकटं अकरा महिन्यांचं. चाळीस दिवस ती पोरं जंगलात होती आणि चौघंही जिवंत सापडली! विमानातलं कसाव्याचं पीठ त्यांनी पुरवून पुरवून खाल्लं, कसावा म्हणजे ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतोय तोच. ते संपल्यावर रानातली फळं, बिया. त्यातलं कुठलं खायचं हे थोरलीला आजीनं शिकवलेलं, आदिवासी घरची पोर. आणि मधले काही दिवस त्यांच्यासोबत एक कुत्रं होतं, शोधपथकाचंच, विल्सन नावाचं, तेही रस्ता चुकलेलं. पोरं सापडली पण विल्सन काही सापडला नाही, सैनिकांनी नंतर किती दिवस शोधला. दवाखान्यात पोरांनी चित्रं काढली त्यात विल्सन होता.

प्रश्न : लांडग्यांनी तान्हं बाळ वाढवलं हे सायन्सच्या दृष्टीनं शक्य आहे का? आमच्या हॉस्टेलवर ह्यावरनं पैज लागली आहे. – बी.एस्सी. दुसरं वर्ष, विद्यापीठाजवळ

पैज किती रुपयांची ते सांगितलं नाहीस. शक्य नाही. लांडग्याची पिल्लं दोन महिन्यांच्या आसपास दूध सोडतात, आपलं बाळ तेव्हा मानसुद्धा धड धरत नाही. लांडगीण दूध आटल्यावर मांस उलटून पिल्लांपुढं टाकते, ते दोन महिन्यांचं बाळ खाणार कसं?

मग गोष्टी कुठनं आल्या? आपल्याच देशातनं बऱ्याच. अवधमध्ये लांडग्यांबरोबर सापडलेल्या पोरांच्या हकिगती इंग्रज अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवल्या. 1867 च्या सुमारास बुलंदशहराकडं शिकाऱ्यांना गुहेत सहाएक वर्षांचा पोरगा सापडला, आग्र्याजवळ सिकंदऱ्याच्या मिशनच्या अनाथाश्रमात आणला. शनिवारी आला म्हणून नाव काय, तर शनिचर! शेवटपर्यंत बोलायला शिकला नाही, कच्चं मांस खायचा, माणसांपासनं एकच गोष्ट पटकन उचलली ती म्हणजे तंबाखू ओढणं. 1895 ला गेला. फ्रान्समधला व्हिक्टर तसाच, 1800 साली रानातनं आला, इतार नावाच्या तरुण डॉक्टरनं पाच वर्षं जिवाचं रान केलं, तरी दोन-चार शब्दांपलीकडं गाडी गेली नाही. मार्कोसला भाषा परत आली कारण तो सात वर्षं माणसांत बोलून गेला होता. हा मुद्दा पैजेत टाक, समोरचा गार पडंल.

बंगालमध्ये मिदनापूरजवळ 1920 साली सापडलेल्या दोन मुलींची गोष्ट आपल्या जुन्या पुस्तकांत खरी म्हणून छापली जायची, कमला आणि अमला. नंतरच्या अभ्यासकांनी कागदपत्रं उकरली तर त्यातलं बरंचसं रचलेलं निघालं. बऱ्याच अभ्यासकांना असं वाटतंय की ह्यातली कितीतरी मुलं जन्मापासनंच वेगळी असतील, बोलत नाहीत, ऐकत नाहीत म्हणून घरच्यांनीच रानात सोडलेली, आणि दोष किंवा श्रेय, काय म्हणायचं ते, लांडग्याच्या नावावर.

उलटी बाजूही आहे. 2024 मध्ये उत्तर प्रदेशात बहराईच भागात लांडग्यांनी लहान मुलं उचलली, माणसं मेली. सगळीकडं असं होत नाही, पण लांडगा म्हणजे मावशी नव्हे.

प्रश्न : ऊसतोडीत दरवर्षी बिबट्याची पिल्लं सापडतात. पोरं म्हणतात घरी नेऊन वाढवूया. आमच्या आजोबांच्या वेळी तर दरबारात चित्ते पाळायचे म्हणे. – शेतकरी, पन्हाळा तालुका

पाळायचे, खरंय. कोल्हापूर संस्थानात काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते होते, त्यांना सांभाळणारे चित्तेवान होते, डोळ्यावर टोपी घालून गाडीवरनं माळावर न्यायचे आणि काळवीट दिसलं की टोपी काढायची. पण पाळलेले चित्ते तेव्हा सहसा पिल्लं घालत नसत, त्यामुळं दरवेळी रानातनं नवे धरायचे. धरून धरून आणि मारून मारून आपले संपत आले तेव्हा शेवटी शेवटी आफ्रिकेतनं आणायला लागले. 1952 ला सरकारनं देशातनं चित्ता संपला म्हणून जाहीर केलं. झालं तेवढं पाळणं बास.

पिल्लाला हात लावायचा नाही. मोबाईल काढून फोटोसाठी मांडीवर तर मुळीच घ्यायचं नाही. तेवढी सरी तोडायची थांबवा, माणसं मागं घ्या, वनखात्याला 1926 वर फोन करा. आई जवळच असतेय. वनखात्याची माणसं पिल्लं तिथंच क्रेटमध्ये ठेवतात आणि अंधार पडला की मादी येऊन मानगुटीला धरून एकेक करून नेते, कॅमेऱ्यात दिसलंय हे कितीदा. आणि कितीदा तरी ती बिबट्याची नसतातच, रानमांजराची नाहीतर वाघाटी नावाच्या छोट्या मांजराची असतात, ठिपके बघितले की आपल्या लोकांना बिबट्याच दिसतोय. कुणाचंही असो, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घरी ठेवणं गुन्हा आहे. आपला रानातला पोपटसुद्धा.

प्रश्न : काका कुत्र नेलं तर चालेल का जंगलात. आणि एकट्याला झोप लागते का. आईला सांगू नका.

(ही चिठ्ठी राजारामपुरीच्याच पाकिटात निघाली, आईच्या पत्राच्या घडीत घुसवलेली, वहीच्या फाटक्या पानावर. आईनं वाचली नसावी. आता वाचतील, सॉरी रे मित्रा.)

कुत्रं चालत नाही. अभयारण्यात पाळीव कुत्रं न्यायला मनाई आहे, त्याचा रोग रानातल्या जनावरांना लागतोय आणि त्याच्या वासावर बिबट्या येतोय, म्हणजे टॉमी तुझी राखण करणार नाही, तुलाच त्याची करावी लागंल.

झोपेचं मी अनुभवानं सांगतो. सातवीत गणितात नापास झालो तेव्हा पळालो होतो, मसाई पठारावर, आमच्या वाघ्याला घेऊन. फडक्यात दोन भाकरी आणि लसणाची चटणी. दिवसभर लई भारी वाटलं, राजा असल्यासारखं, वारा असा की सदरा फुगतोय, खाली सगळा मुलूख. चार वाजता भाकरी संपली, एक माझी आणि एक वाघ्याची. सहा वाजता वाघ्या उठला, अंग झाडलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि घराच्या वाटेला लागला. मी हाका मारतोय, शिट्ट्या घालतोय, मागं वळून बघंना. त्याला सात वाजता ताकभात असायचा. मी खडकाच्या आडोशाला बसून राहिलो, अंधार पडला, आणि अंधारात पठार बोलायला लागतंय बघ, एकेक आवाज, टिटवी तर अशी ओरडते की कुणाला तरी तुझा पत्ता सांगतेय असं वाटतंय. डोळा लागला नाही. अर्ध्या-पाऊण तासानं खाली बॅटरीचा उजेड हलताना दिसला, वडील येत होते, आणि त्यांच्या पुढं वाट दाखवत वाघ्या. मार बसला की नाही ते विचारू नकोस.

दिवाळीनंतर पहिल्या रविवारी आमचा चार-पाच म्हाताऱ्यांचा ग्रुप दाजीपूरला जाणार आहे, परवानगी काढलेली असणार. आईला घेऊन ये. सुतळी आण, बॅटरीचे सेल बदल, पिशवीत जुनी टोपी आणि पाण्याची बाटली घाल. काडेपेटी आत्ताच आईकडं दे, तिथं विस्तव चालत नाही. टॉमी घरी. आणि लाडू आठ नको, वीस घे, आमच्यातल्या दोघांना डायबेटिस आहे पण ते ऐकत नाहीत.